तेरेखोलला जाताना फेरीचं आधी विचारा

तेरेखोलचा किल्ला गोव्यात असला तरी नदीपलीकडे, सिंधुदुर्गाला लागून आहे. पणजी-म्हापशाहून येणाऱ्यांनी केरीच्या धक्क्यावरून फेरीबोट धरावी. पण निघण्याआधी ती चालू आहे का, हे स्थानिकांना विचारा, कारण ओहोटीला पाणी उतरलं की ती थांबू शकते. परतीची शेवटची फेरीही तेव्हाच विचारून ठेवा. शिरोडा-रेडीकडून येत असाल तर फेरी लागतच नाही, थेट रस्ता आहे.

किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधला, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी इथे तिरंगा फडकावला. मुलं सोबत असतील तर त्यांना हे आवर्जून सांगा. आत सेंट अँथनीचं चर्च आहे, तिथे आवाज कमी ठेवा. पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, चांगल्या पकडीचे बूट घाला.