कंसातली एक ओळ आणि संसद ग्रंथालय

संसदेच्या कागदपत्रांवर संशोधन करण्याच्या विचारात असलेल्या मराठवाड्यातील विद्यार्थ्यांसाठी मी हे लिहीत आहे. तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न यांतला फरक तुम्हाला ठाऊक आहे, लोकसभेच्या चर्चांचे खंड तुम्ही चाळलेले आहेत, असे धरून चालते. ज्या एका गोष्टीने माझे आठ महिने घेतले, तिच्याबद्दल मात्र सविस्तर लिहिणार आहे, कारण तीच चूक करणारे शोधप्रबंध आजही माझ्याकडे वाचायला येतात.

माझा विषय 1972 च्या दुष्काळावर लोकसभेत विचारले गेलेले प्रश्न हा होता. माझी आई तेव्हा परभणी जिल्ह्यात पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती आणि तिथे मिळणाऱ्या सुकडीवर आमचे घर चालले होते, त्यामुळे दिल्लीत त्या मजुरांचा हिशेब कोणी विचारला होता का, हे मला मनापासून जाणून घ्यायचे होते. खंडांमध्ये प्रश्न सापडले, पण काही ठिकाणी उत्तर म्हणून एवढेच छापलेले होते की, विवरणपत्र सभागृहाच्या पटलावर ठेवले आहे, म्हणजे कागद सभागृहाला औपचारिकपणे सादर केला आहे. ‘सरकारने आकडेवारी देण्याचे टाळले’ असे वाक्य मी लिहिले आणि त्या वाक्यावर एक संपूर्ण प्रकरण उभे केले. मार्गदर्शकांना ते प्रकरण आवडले. प्रबंध सादर करण्याआधीच्या बैठकीत बाहेरून आलेल्या एका वयस्क प्राध्यापकांनी तेवढाच एक प्रश्न विचारला, ‘ताई, उत्तराच्या खाली कंसात काय छापले आहे, ते वाचलेत का?’

त्या कंसात इंग्रजीत छापलेले असते, ‘प्लेस्ड इन लायब्ररी, सी नंबर एलटी’ (एलटी म्हणजे ‘लेड ऑन द टेबल’, पटलावर ठेवलेले) आणि पुढे एक क्रमांक व वर्ष. मी उतरवून घेताना ती ओळ छपाईची खूण समजून प्रत्येक वेळी गाळली होती. तिचा अर्थ असा की, उत्तर दिले गेले आहे, परंतु ते लांबलचक असल्यामुळे खंडात छापलेले नाही, आणि त्याची प्रत त्या क्रमांकाखाली संसद ग्रंथालयात ठेवलेली आहे. मंत्र्यांनी पटलावर ठेवलेले वार्षिक अहवाल, अधिसूचना आणि मोठे तक्ते यांचीही तीच वाट असते. म्हणजे सभागृहात जे बोलले गेले ते खंडात असते आणि जे बोलण्याऐवजी मांडले गेले ते ग्रंथालयात असते. ज्याने फक्त खंड वाचला, त्याने अर्धेच कामकाज वाचले.

याच सापळ्याचा दुसरा दात आश्वासनाचा आहे. ‘माहिती गोळा करण्यात येत असून ती पटलावर ठेवली जाईल’ हे उत्तर दिसले की ती टोलवाटोलवी आहे असे लिहून मोकळे होऊ नका. असे उत्तर हे आश्वासन धरले जाते, ते साधारण तीन महिन्यांत पुरे करावे अशी अपेक्षा असते आणि सरकारी आश्वासनांची समिती त्याचा पाठपुरावा करते. पुढच्या एखाद्या अधिवेशनात पूर्ततेचे विवरणपत्र पटलावर आले का, हे पाहिल्याशिवाय सरकार गप्प राहिले असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

सचखंड एक्स्प्रेसने मी दिल्लीला गेले तेव्हा मनात भीती होती. हे ग्रंथालय 1921 पासून मुळात सदस्यांच्या सेवेसाठी चालत आले आहे, त्यामुळे सदस्यांची गरज आधी आणि तुमची नंतर, हे मान्य करूनच जावे. विद्यापीठाचे शिफारसपत्र आणि परवानगी ही कामे गाडीत बसण्यापूर्वी संपवावीत. आजची इमारत मे 2002 मध्ये खुली झाली आणि तिचे भूमिपूजन 1994 मध्ये आपल्या लातूरच्या शिवराज पाटील यांनी लोकसभेचे अध्यक्ष असताना केले होते, हे तिथे उभी असताना आठवले आणि परकेपणा थोडा कमी झाला. नायट्रोजन वायू भरलेल्या पेटीत जपलेली संविधानाची हस्तलिखित प्रत याच ग्रंथालयाच्या ताब्यात आहे. तरीही माझ्या डोळ्यांत पाणी आले ते पिवळ्या पडलेल्या, कडा तुटू लागलेल्या एका टंकलिखित तक्त्याने, ज्यात मजुरांची संख्या जिल्हावार मांडलेली होती. टेबलावरच्या कर्मचाऱ्याने फक्त क्रमांक विचारला होता. क्रमांक नसता तर त्याला काहीच करता आले नसते.

आता बरेच खंड संगणकावर शोधता येतात, ही मोठी सोय आहे, परंतु ‘मराठवाडा’ एवढाच शब्द टाकून शोध संपवणे मला मुळीच मान्य नाही. 1956 पर्यंत आपला भाग हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे पहिल्या लोकसभेतले आपले प्रश्न त्या राज्याच्या नावाखाली शोधावे लागतात. सदस्य मराठीत बोलले असतील तर खंडात बहुधा अनुवाद असतो आणि तळटीपेत तसे नमूद असते. तो अनुवाद पुन्हा मराठीत आणून अवतरणचिन्हांत घालू नका. दुसऱ्याच्या प्रबंधातून संदर्भ उचलणे तर सरळ चोरी आहे, आणि ज्या मार्गदर्शकाने स्वतः एकही खंड उघडलेला नाही, त्याच्या शाबासकीवर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

हे वाचून धीर सोडू नका. माझे मोडलेले प्रकरण पुन्हा उभे राहिले आणि आधीपेक्षा खरे झाले, कारण सरकारने आकडे दिले होते, आणि ते कुठे अपुरे होते हे मला आता दाखवता आले. गावाकडच्या ग्रंथालयात बसूनही निम्मे काम होते. वहीच्या पानाचे दोन भाग करा, डावीकडे प्रश्नाची तारीख आणि खंडाचा रकाना क्रमांक लिहा, कारण जुन्या खंडांत पानांऐवजी रकान्यांना क्रमांक असतात, आणि उजवीकडे कंसातला एलटी क्रमांक वर्षासह जसाच्या तसा उतरवा. उजवी बाजू भरली की मगच दिल्लीचे तिकीट काढा.