चार्जिंग कधी येतं, कधी जातं: जुन्या ट्रकचा हा फॉल्ट पकडायचा कसा

चार्जिंग पूर्ण बंद पडलं तर एकवेळ परवडतं, तासाभरात सापडतं. डोकं खातं ते येऊन-जाऊन करणारं. चढावर डॅशवरची चार्जिंगची लाल लाईट मिणमिणायला लागते, गाडी बाजूला घेऊन बघायला जावं तर सगळं ठीक, आणि मिस्त्रीकडे नेली की हमखास चार्ज करणार, दाढ दुखते म्हणून डॉक्टरकडे जावं आणि दारात पोचल्यावर दुखायची थांबावी तसं.

मी आधी बॅटरी बदलली. मग अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा, तो उतरवला (आम्ही सगळे त्याला डायनामोच म्हणतो, चालायचंच), बेंचवर लावला तर एकदम फर्स्टक्लास, परत चढवला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच लाल लाईट. म्हणून सांगतो, पार्ट बदलत सुटू नका, फॉल्ट चालू असताना त्याला मीटरवर (व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर) पकडा, बाकी सगळं नंतर.

सुरुवात बॅटरीपासूनच, कारण बॅटरी अर्धी उतरलेली असेल तर पुढचे आकडे फसवतात. रात्रभर उभ्या गाडीत १२ व्होल्टची भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. इंजिन चालू करून थोडी रेस दिली की १३.८ ते १४.४ यायला हवेत. दोन बॅटऱ्यांची २४ व्होल्टची गाडी असेल तर सगळं दुप्पट धरा, म्हणजे चार्जिंगला साधारण २७.६ ते २८.८. आणि २४ वाल्यांनी दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा, कारण गाण्यांच्या टेपसाठी म्हणून कुणीतरी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढलेले असतात, मग एक कायम उपाशी आणि दुसरी ओव्हरचार्ज, आणि आपण दोष देतो डायनामोला.

आता मुख्य काम. बॅटरीच्या टर्मिनलवरून दोन बारीक वायरी केबिनमध्ये आणा, प्लसच्या वायरला बॅटरीजवळच छोटा फ्यूज टाका (हे विसरू नका, वायर कुठे घासली तर आग लागेल), आणि मीटर दिसेल असा अडकवा. चार-पाच दिवस नेहमीसारखी गाडी चालवा, आकडा पडला की तेव्हा काय चाललं होतं ते कागदावर लिहून ठेवा, आणि मीटरकडे बघायचं काम शेजारी बसलेल्याला द्या, तुम्ही रस्त्याकडे बघा. अर्धा निकाल इथेच लागतो. खड्ड्यात आकडा नाचतो म्हणजे कुठेतरी जोड ढिला किंवा वायर तुटलेली. थंड असताना बरोबर आणि तासाभराने गरम झाल्यावर पडतो म्हणजे डायनामोचे ब्रश (फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे तुकडे), रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा) नाहीतर डायोड (एसीचं डीसी करणारे). हेडलाईट लावल्यावर किंवा पावसात पडतो, वर चिरकल्यासारखा आवाज, मग आधी बेल्ट बघा. बेल्टची आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली असेल तर नुसता ताणून उपयोग नाही, बदला. आणि चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, लाल लाईट लागतच नाही, पण एकदा जोरात रेस दिली की चार्जिंग येतं, असं असेल तर बऱ्याच गाड्यांत तो बल्बच उडालेला असतो. त्या बल्बमधूनच डायनामोला सुरुवातीचा करंट जातो, त्यामुळे तो फक्त शोभेचा नाही.

जोड तपासताना नुसतं डोळ्यांनी बघू नका, पान्याने घट्ट वाटणारा लगसुद्धा (वायरच्या टोकाची धातूची टोपी) आतून काळा पडलेला असतो. इंजिन चालू, रेस थोडी वर, हेडलाईट-ब्लोअर सगळं चालू, आणि मीटरची एक टोचणी डायनामोच्या मोठ्या बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या प्लसच्या खांबावर, खांबावरच बरं का, वरच्या क्लॅम्पवर नाही. १२ व्होल्टच्या गाडीत इथे ०.३ पेक्षा जास्त दिसलं तर मधे कुठेतरी व्होल्टेज खाल्लं जातंय. तसंच डायनामोची बॉडी आणि बॅटरीचा मायनस, तिथे ०.२ च्या आत हवं. मला विचाराल तर जुन्या गाडीत अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारा रस्ता) हाच पहिला संशयित, इंजिन आणि चेसिसमधली ती विणलेली पट्टी तेल-चिखलाने माखलेली असते आणि तिच्याकडे वर्षानुवर्षं कुणी बघितलेलं नसतं. काढा, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, रंग खरवडा, घट्ट करा. डॅशवर जुना अँपिअर मीटर असेल तर त्याच्या मागचे दोन नटही बघा, बऱ्याच गाड्यांत सगळा चार्जिंग करंट त्यातूनच जातो. मात्र तिथे पाना लावायच्या आधी बॅटरीचा मायनस काढा.

एक धोक्याची गोष्ट. इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून "डायनामो चालतोय का" बघायची जी जुनी खोड आहे ती सोडा, व्होल्टेज एकदम उसळतं आणि चांगले डायोड जातात.

माझ्या गाडीत शेवटी काय निघालं ते सांगतो. रेग्युलेटर बाहेर वेगळा, म्हणजे ज्याला कटआऊट म्हणतात तो, आणि तिथून डायनामोकडे जाणारी फिल्डची, म्हणजे आतल्या चुंबकाला करंट देणारी, बारीक वायर. बाहेरून नवीकोरी. इंजिन आयडलला ठेवून, बेल्ट-पंख्यापासून हात आणि बाही लांब ठेवून, एकेक वायर हलवत गेलो, पोराला मीटरकडे बघायला बसवलं होतं, आणि डायनामोपासून चार बोटांवर ती वायर वाकवली तशी पोरगा ओरडला, "पडला, पडला!" इंजिन बंद केलं, वायर दोन्ही हातांनी ओढली तर तिथे रबरासारखी लांबली. आतली तांब्याची तार तुटलेली, वरच्या कव्हरने दोन तुकडे एकमेकांना चिकटवून धरलेले, चढावर इंजिन जरा तिरकं झालं की लांब व्हायचे, सपाटीवर परत भेटायचे. कापून बघितलं तर आत हिरवट भुकटी. चांगली वायर कधीच अशी लांबत नाही, त्यामुळे मीटर नसेल तरी ही ओढून बघायची परीक्षा करता येते.

वायरी, अर्थ सगळं ठीक निघालं तरच डायनामो उघडा. फॉल्ट चालू असताना लाकडी मुठीने त्याच्या पाठीवर हलकेच ठोका, चार्जिंग आलं तर कार्बन ब्रश संपत आलेत. पाचेक मिलीमीटरच्या खाली गेलेत तर बदला, आणि ते ज्या तांब्याच्या रिंगांवर घासतात त्याही बघा, खाच पडली असेल तर नवे ब्रशही टिकत नाहीत. डायोडसाठी मीटर एसीवर ठेवून, इंजिन चालू असताना बॅटरीवर मोजा, १२ व्होल्टच्या गाडीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी म्हणजे डायोड गेलाय.

वायर जोडताना नुसती पिळून टेप मारू नका, गरम झाली की टेप सुटते. सोल्डर करा किंवा नीट लग दाबा, वर श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि इंजिन हललं तरी ताण येणार नाही इतकी सैल ठेवून मग क्लिप मारा. माझी पहिली वायर तुटली ती ताणून बांधली होती म्हणूनच. मीटर लगेच काढू नका, आठवडाभर तरी केबिनमध्ये राहू दे, आणि ज्या चढावर लाईट लागायची त्याच चढावर भरलेली गाडी घेऊन एकदा जाऊन या.