सौर, पवन की बगॅस? सोलापुरात राहून ऊर्जा क्षेत्रातली वाट कशी निवडाल

‘मला रिन्यूएबलमध्ये’, म्हणजे अक्षय ऊर्जेत, ‘जायचंय’ असं कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, तिथे जाऊन करायचं काय? डिझाइन, साइट, प्लांट चालवणं की संशोधन? या चारही कामांतला दिवस वेगवेगळा असतो. म्हणून कॉलेजच्या यादीआधी काम बघा.

सोलापूरकरांना त्यासाठी लांब जावं लागत नाही. जिल्हा साखर कारखान्यांचा आहे. गाळप हंगामात ओळखीतून परवानगी काढून एखाद्या कारखान्याच्या सहवीजनिर्मिती (साखरेसोबत वीज बनवणाऱ्या) प्रकल्पात दिवसभर थांबा. उसाच्या वजनाच्या साधारण तीस टक्के बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरलेला चोथा, निघतो, त्यातलं निम्मं पाणीच असतं. तरी तोच बॉयलरमध्ये जळतो, वाफेवर टर्बाइन फिरतं आणि कारखान्याची गरज भागवून उरलेली वीज ग्रीडला जाते. बॉयलरपाशी उभं राहून प्रश्न सुचत असतील तर मेकॅनिकलचा विचार करा. डिस्टिलरीकडे, इथेनॉलकडे मन ओढलं तर केमिकल. पुढे बॅटरी आणि हरित हायड्रोजनलाही (अक्षय विजेवर बनवलेल्या हायड्रोजनलाही) तोच पाया लागतो.

सौरऊर्जेची पारख कागदावर करा. पॅनेलवर लिहिलेले वॅट हे पॅनेल २५ अंशांवर असतानाचे असतात. आपल्या मे महिन्यात पत्र्यावरचं पॅनेल ६५ अंशांपर्यंत सहज तापतं. दर अंशाला ०.३५ टक्के घट धरली तर ४० अंशांना १४ टक्के, म्हणजे ५५० वॅटचं पॅनेल भर उन्हात ४७३ वॅटवर येतं. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, हे इतकं सरळ नाही! असा हिशेब करताना मजा आली, तर इलेक्ट्रिकल तुमच्यासाठी आहे.

आता शाखा. माझं मत स्पष्ट आहे: पदवी मूळ शाखेतच घ्या, ऊर्जेचं विशेष शिक्षण नंतर. तंत्रज्ञान बदलत राहील, पण प्रोटेक्शन (वीजयंत्रणेचं बिघाडापासून संरक्षण), उष्मागतिकी (थर्मोडायनॅमिक्स), बांधकामाचा पाया यांची गरज जाणार नाही. इथे वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे, बारावीनंतर एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतून कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीने प्रवेश मिळतो. डिप्लोमा झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाची वाट आहे. नंतर गेट ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या ऊर्जा विज्ञान विभागासारख्या ठिकाणी एम.टेक. करता येतं. पवनचक्कीची ओढ असेल तर चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था लक्षात ठेवा.

शिकताना सुट्ट्या वाया घालवू नका. २०२४ च्या पीएम सूर्यघर या छतावरच्या सौरऊर्जेच्या योजनेत तीन किलोवॉट घरगुती संचाला ७८ हजार रुपये अनुदान ठरलं, त्यामुळे गावोगावी छतांवर काम निघालंय. एखाद्या बसवणाऱ्यासोबत महिनाभर जा. सावली कशी मोजतात, अर्थिंग कसं करतात, नेट मीटरिंगचा (ग्रीडला दिलेली वीज बिलातून वजा करण्याचा) अर्ज कुठे अडतो, हे वहीत टिपून ठेवा. मुलाखतीत ही वही गुणपत्रिकेपेक्षा जास्त बोलते. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन मंचावरचे मोफत कोर्स संध्याकाळी करता येतात.

एक गोष्ट घरी आधीच बोलून घ्या. मोठे सौर प्रकल्प राजस्थानात भडल्याला, कच्छमध्ये खावड्याला आहेत. पहिली नेमणूक तिथल्या वाळवंटात होऊ शकते. त्याला आई-वडिलांची आणि तुमची तयारी नसेल, तर डिझाइन किंवा कारखान्याची बाजू आतापासूनच धरा.