पोरांना समजून घेताना सर-मॅडम लोकांनी या चुका टाळा

जूनमध्ये नवा वर्ग मिळाला की आपण काय करतो, एकेका पोराला उभं करतो आणि विचारतो, सांग रे, बाबा काय करतात? मी हे चार वर्षं केलं. पहिला म्हणाला शेती, की मागचे सगळे ओळीनं शेती. मग एकदा संध्याकाळी एकाच्या घरी गेलो तर शेत नाहीच, बाप दुसऱ्याच्या केळीत मजुरीला जातो. पोरगं खोटारडं नव्हतं, त्याला पंचेचाळीस पोरांसमोर मजुरी म्हणायचं नव्हतं. तेव्हा जात, धंदा, घर कसलं, हे भर वर्गात विचारूच नका. घरी जा. पण दुपारी नको, कापूस वेचणीच्या दिवसात तर अंधार पडल्यावरच माणसं सापडतात, आणि हातात रजिस्टर घेऊन तर मुळीच नको, रजिस्टर दिसलं की माणूस योजनेचं बोलायला लागतो, पोराचं बोलायचं राहूनच जातं.

दुसरी चूक भाषेची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान हीच करते. पोरगं वहीत शाया, डोया, केयी लिहितं आणि आपण लाल पेनानं वही रंगवून टाकतो. अहो, आपल्या खानदेशातल्या अहिराणीत आणि लेवा बोलीत ळ चा य होतो, पोरगं घरी ऐकतं तेच लिहितंय, चूक प्रत्येक वेळी एकाच जागी येते म्हणजे त्याचा कान पक्का आहे. फळ्यावर दोन रकाने पाडा, घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द, डोया-डोळा, काया-काळा, जयगाव-जळगाव, आणि नियम पोरांनाच शोधू द्या. आमच्या तिसरीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, मग पाय चं पाळ होईल का?" इतका भारी प्रश्न मला व्याकरण शिकवताना कोणी विचारला नव्हता. त्या दिवशी अर्धा तास आम्ही फक्त कुठला य बदलतो नि कुठला नाही तेच शोधत बसलो.

पण म्हणून अहिराणी आली की झालं असं समजू नका. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव, अक्कलकुव्याकडे बदली झालेले आपले शिक्षक लोक हौसेनं अहिराणीत बोलतात आणि मग म्हणतात पोरं बोलतच नाहीत. तिथं घरात पावरी, भिलोरी असल्या आदिवासी बोली असतात, नवापूरकडे मावची, त्यांना अहिराणीसुद्धा परकीच. पहिलीतलं पोरगं लघवीला जाऊ का हे सांगता येत नाही म्हणून तसंच बसून राहतं, आणि आपण मंद म्हणून मोकळे. खिचडी शिजवणाऱ्या ताईंकडून किंवा पाचवीतल्या मुलींकडून वीस शब्द शिकून घ्या, पाणी, भूक, दुखतंय, लघवी, इथून सुरुवात करा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तितकं मातृभाषेतून शिकवा असंच म्हटलंय, त्यामुळे कोणी आक्षेप घेईल ही भीती बाळगू नका.

आडनावावरून अंदाज तर बांधूच नका. यावल-रावेरकडचे तडवी मुसलमान आहेत, नंदुरबारकडे तडवी म्हटलं की मुसलमान नसलेली घरं निघतात.

दिवाळीनंतर पट रिकामा होतो तेव्हा "यांना शिक्षणाची किंमतच नाही" हे वाक्य स्टाफरूममध्ये हमखास निघतं. ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको दोघांना ऊसतोडीला जावंच लागतं, लहान पोर मागं कुणाकडे ठेवणार? दसऱ्याच्या आधीच पालकांशी बोला, आजी घरी राहणार का, हंगामी वसतिगृह जमेल का, नाहीच जमलं तर शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवा म्हणजे तिकडच्या शाळेत बसता तरी येईल. आणि परत आल्यावर "कुठं गायब होतास" नको. तिकडं काय पाह्यलं ते विचारा, गाडीत किती मोळ्या बसतात विचारा, त्याचंच गणित घाला.

होळीच्या आधी आदिवासींचा भोंगऱ्या बाजार भरतो तेव्हा पावरा पोरं शाळेत नसणारच, त्या आठवड्यात चाचणी ठेवू नका. आणि 9 ऑगस्ट, आदिवासी दिन आला की त्याच पोरांना उभं करून नाचायला लावणं, तेही विचारल्याशिवाय नको, काहींना लाजच वाटते.

एवढं करूनही एखादं पोरगं बोलत नसेल तर प्रश्न विचारणं थांबवा. त्याला खडू आणायला, झाडांना पाणी घालायला सोबत घ्या आणि शेजारी गप्प काम करत राहा. आमच्या एकानं दीड महिन्यानं पहिलं वाक्य काढलं, ते त्याच्या शेळीबद्दल होतं, रात्री तिला दोन पिल्लं झाली होती.