मारिओच्या चित्रांवर कविता स्पर्धेला पाठवताय? मग हे वाचा

गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांचा जन्म २ मे १९२६ चा, म्हणजे २०२६ हे शताब्दीचं साल, त्यामुळे "चित्र बघा, कविता लिहा" टाइपचं आवाहन कॉलेजात, वाचनालयात कुठेही दिसू शकतं. मी अशा चित्रावरच्या स्पर्धांना कविता पाठवल्यात आणि नंतर आलेल्या कवितांची पहिली चाळणी लावायलाही बसलोय, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार माहितेय, पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी टाकतोय.

चाळणीत सगळ्यात आधी काय उडतं माहितेय? चित्रकारालाच उद्देशून लिहिलेल्या कविता. "तुझा कुंचला थांबला, गोवा पोरका झाला" वगैरे. अरे, मारिओ २०११ च्या डिसेंबरात गेले, श्रद्धांजल्या तेव्हाच वाहून झाल्या, इथे विषय चित्र आहे. आणि त्यांचं ओळखीचं काम मुख्यतः पेन आणि शाईचं, त्यामुळे कुंचला आला की परीक्षकाला लगेच कळतं की चित्र नीट न बघताच लिहिलंय.

त्यानंतर उडतात याद्या. मारिओचं चित्र म्हणजे ठासून भरलेलं, बाजार असो की लग्न की टॅव्हर्न (दारूचा गुत्ता), कोपऱ्यात कुत्रा, छपरावर कावळा, खिडकीतून डोकावणारी बाई, आणि नवखा माणूस सगळ्यांना एकेक ओळ वाटत सुटतो, सोळा ओळी झाल्या की कविता संपली! त्यापेक्षा चित्राची प्रिंट काढा, मोबाइलवर झूम करून बघू नका, कारण झूम केलं की कोण कुणाकडे बघतंय हे हरवतं आणि मारिओच्या चित्रात सगळी गंमत तिथेच असते. ते मोठे मोठे डोळे कुठे रोखलेत ते पेन्सिलने रेघा मारून बघा. हमखास एखादा सापडतो ज्याच्याकडे कुणीच बघत नाहीये. तो तुमचा माणूस. समजा लग्नाचं चित्र आहे आणि कडेला ट्रे घेतलेला वेटर आहे, तर

लग्न कुणाचं ते मला विचारू नका,
माझ्या ट्रेवर अजून अकरा ग्लास आहेत

एवढ्यावरून पुढचं सुटतं. नवरानवरी, बँड, पाद्री सगळे येतात पण त्याच्या नजरेतून येतात. चित्र बाजूला ठेवूनही कविता कळली पाहिजे, ही माझी एकमेव कसोटी.

थोडा अभ्यास करा पण कवितेत तो ओतू नका. गोव्यातल्या लोटली गावचं त्यांचं घर, लहानपणी भिंतींवर चित्रं काढायचे म्हणून आईने दिलेली वही, तरुणपणीच्या चित्रमय डायऱ्या, हे वाचून ठेवा. मुंबईचा मारिओ वेगळा आहे, मिस फोन्सेका, मिस निंबूपानी, गोडबोले ही मंडळी वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रांतली, ऑफिस-राजकारण-सिनेमा अशा जगातली, त्यांना उचलून गोव्याच्या चर्चच्या पायरीवर बसवलंत तर विचित्र दिसतं. कुलाब्याला कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर त्यांची चित्रं आहेत, मुंबईकरांनी तिथे जाऊन एक चहा-कॉफी घेत निवांत बघावीत. आणि गोव्याच्या चित्रावर लिहिताना फेणी, समुद्र, नारळ हे तिघं आपोआप येतात, त्यांना दारातूनच परत पाठवा.

विनोदाचं मात्र खरंच जड जातं. चित्र बघून आपण हसतो आणि लिहायला बसलो की कुठून कोण जाणे हुंदका येतो, हरवलेला गाव, म्हातारी आई, बंद दार. ढीगभर रडक्या कवितांत एक मिश्कील आली की वाचणारा ताठ बसतो, हे मी बघितलंय. फॉर्म म्हणाल तर अष्टाक्षरी, म्हणजे ओळीत आठ अक्षरं, अशा चित्रांना छान जाते, उड्या मारत चालते. गझल मला नाही पटत इथे, प्रत्येक शेर स्वतंत्र पळतो आणि चित्र मागे राहतं, पण हे माझं मत.

आता कंटाळवाणं पण महत्त्वाचं. नियमात "अप्रकाशित" लिहिलं असेल तर आधी फेसबुकवर टाकू नका, बरेच आयोजक तेही प्रकाशितच धरतात. टाइप युनिकोडमध्ये करा, जुन्या फॉन्टमधली फाइल तो फॉन्ट नसलेल्या दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर भलत्याच अक्षरांत दिसते. कवितेच्या पानावर नाव नको म्हटलं असेल तर खाली टोपणनावही नको. निकालानंतर कविता चित्रासकट इन्स्टाला टाकायचा मोह होतो, पण आपल्याकडे कलाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो, म्हणजे मारिओंची चित्रं २०७१ संपेपर्यंत. आयोजकांनी घेतलेली परवानगी त्यांच्या कार्यक्रमापुरती असू शकते, विचारून घ्या, नाहीतर नुसती कविता टाका.

फायनलला वाचायला बोलावलं तर मागे स्क्रीनवर चित्र लावतात आणि लोक तुमच्याकडे न बघता तेच बघत बसतात. आयोजकांना सांगून चित्र आधी अर्धा मिनिट दाखवायला लावा, लोकांचं बघून हसून झालं की मग पहिली ओळ म्हणा.