दुकान घेऊन परदेशी निघताना

कोकणातून माणूस बाहेर पडायचा तो चाकरी करायला. मुंबईची गिरणी असो नाहीतर आखाती देश, पुढचे कागद साहेब बघायचा. आता चिपळुणात माझ्याकडे येणारे वेगळं विचारतात. एसी-फ्रीज दुरुस्तीचं दुकान आहे, तेच काम दुबईत स्वतःच्या नावावर करायचंय, काय काय लागेल? मी हिशेबनीस, व्हिसाचा एजंट नव्हे. पण या लोकांच्या फायली माझ्याच टेबलावर उघडतात, म्हणून एकदा लिहून टाकतो.

आधी देश ठरवा, आणि तो ठरवताना एजंटच्या रंगीत पत्रकावर जाऊ नका. कॅनडाची ‘सेल्फ एम्प्लॉइड’ योजना अजूनही विकायला फिरते. ती कलाकार आणि खेळाडूंसाठी होती, दुकानदारासाठी नव्हती. शिवाय 30 एप्रिल 2024 पासून तिचे नवे अर्ज घेणंच थांबवलं. जर्मनीत स्वतंत्र व्यवसायासाठी परवाना मिळतो, पण वय 45 च्या पुढे असेल तर म्हातारपणाची सोय दाखवावी लागते. दुबईचा पाच वर्षांचा ग्रीन व्हिसा ऐकायला गोड. त्याला पदवी किंवा तशी पदविका लागते, आणि मागच्या दोन वर्षांत स्वतःच्या कामातून वर्षाला 3,60,000 दिरहम मिळकत लागते. म्हणजे आजच्या भावाने ऐंशी लाखांच्या वर. आपल्या दुकानदाराला तो रस्ता नाही. त्याच्यासाठी ट्रेड लायसन काढून मालक किंवा भागीदार म्हणून राहणं हाच सरळ मार्ग. 2021 पासून तिथल्या बहुतेक धंद्यांना स्थानिक भागीदार घ्यावा लागत नाही. फक्त लायसनवर कोणतं काम लिहिलंय ते नीट वाचा. एसी दुरुस्तीच्या लायसनवर तिथे नळाचं काम करता येत नाही. इथे आपण बोलावलं तर पंपही उघडतो.

आता कपाट उघडा. नोकरदाराकडे पगाराची पावती असते, तुमच्याकडे काय आहे? आपला धंदा शब्दावर आणि उधारीच्या वहीवर चालतो. वीस वर्षं पंचक्रोशीतले फ्रीज दुरुस्त केले हे सगळा गाव सांगेल, पण बँक किंवा वकिलात गावाला विचारत नाही. त्यातून 22 जुलै 2021 च्या पुरात बाजारपेठेतल्या कित्येकांची बिलबुकं गेली. माझ्याही खातेवह्यांचा लगदा झाला होता, तो फावड्याने ओढला. ज्यांची गेली त्यांनी घाबरू नये. मागची आयकर रिटर्नं पोर्टलवरून उतरवून घ्या, जीएसटी असेल तर त्याचीही, आणि बँकेकडून शिक्का मारलेला खातेउतारा घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, नसेल तर आजच करा, ती फुकट आहे. कोणी पैसे मागितले तर उठून या. मग जुनी गिऱ्हाइकं गाठा. लोटे एमआयडीसीतल्या कंपनीची वर्क ऑर्डर, मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्याचं लेटरहेडवरचं पत्र, हॉटेलचा वार्षिक देखभालीचा करार, असं काहीही. अमुक सालापासून अमुक काम करतो एवढं त्यात आलं की पुरे.

याच जागी बरेच जण अडकतात. वर्षानुवर्षं 44एडी खाली, म्हणजे लहान धंद्याला हिशेब न मांडता उलाढालीवर ठरावीक टक्के नफा धरू देणाऱ्या आयकराच्या कलमाखाली, आठ टक्के नफा दाखवायचा, तोही कर लागणार नाही असा. ‘भाऊ, कमीच दाखवा’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता फी न सांगताच हसतो. तिकडचा अधिकारी ते रिटर्न बघतो तेव्हा त्याला वर्षाला तीन लाख कमावणारा माणूस दिसतो, आणि तो भांडवल कुठून आणणार हा प्रश्न रास्तच असतो. मिळकत खरंच सुटली असेल तर अपडेटेड रिटर्न भरा, जादा कर सोसा. नुसतं फुगवायला मात्र माझ्याकडे येऊ नका.

नावं जुळवा. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, पासपोर्टवर आडनाव गाळलेलं, हे घरोघरी आहे. कुटुंब न्यायचं तर लग्नाचा दाखला लागतो. पत्रिका आणि फोटो चालत नाहीत. गावातलं लग्न असेल तर ग्रामपंचायतीत नोंद करून घ्या. मुलांच्या जन्मदाखल्यावर नुसतं ‘मुलगा’ राहिलंय का तेही बघा. हे दाखले राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीची वकिलात अशा तिन्ही पायऱ्या चढून जातात. अपोस्टिल, म्हणजे बऱ्याच देशांत वकिलातीशिवाय चालणारा परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, अमिरातीला चालत नाही.

जमिनीचं आधी निस्तरा, हे मी हात जोडून सांगतो. सामायिक सातबाऱ्यावर आजोबांचंच नाव असेल तर वारसनोंद करून घ्या, फेरफार मंजूर होईपर्यंत निघू नका. एकदा अनिवासी झालात की शेतजमीन, बाग, फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली आणि आधी घेतलेली मात्र राहते. शेजारची कलमं घ्यायची बोलणी चालू असतील तर खरेदीखत आधी करा. भावाला कुलमुखत्यारपत्र द्यायचं तर इथेच दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. तिकडून पाठवलेलं पत्र राज्यात पोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, आणि ती मुदत आमच्याकडे दर वर्षी कोणीतरी चुकवतोच.

पैसा बँकेतूनच न्या. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. दहा लाख रुपयांच्या वर जेवढं जाईल तेवढ्यावर बँक वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. तो बुडत नाही, रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर हातात नसतो, तेव्हा भांडवल मोजताना तो धरा. तिकडच्या कंपनीचे शेअर घ्यायला पैसे जात असतील तर बँकेला आधी सांगा, त्याचा फॉर्म एफसी वेगळा. हुंडीवाल्याकडून गेलेला पैसा तुमचा होता हे नंतर कुठेच सिद्ध होत नाही. गेल्यावर इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, करून घ्या.

छातीचा एक्सरे इथेच काढून बघा. तिकडे रहिवासासाठी रक्ततपासणी आणि एक्सरे होतोच. जुना क्षय निघाला तर लायसनचे पैसे भरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

उधारी वसूल करा. सगळे ‘गणपतीनंतर देतो’ म्हणतील, म्हणून तिकीट दिवाळीनंतरचं काढा. आणि बँकेला, आधारला जोडलेला मोबाईल नंबर बंद करू नका, निघण्याआधी त्यावर रोमिंग चालू करून घ्या. ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि गावात ठेवलेला फोन चार्ज करायला कोणाला आठवत नाही.