लोकसभेसाठी सगळ्या समाजांची मोट बांधायची तर: तयारीची यादी

2029 ला अजून वेळ आहे असं म्हणणाऱ्यांसाठीच हे लिहितोय. बौद्ध, मुस्लिम, मराठा, ओबीसी, ख्रिस्ती, लिंगायत अशा वेगवेगळ्या समाजांतले कार्यकर्ते एका उमेदवारामागे उभे करायचे, तर ते काम आचारसंहिता लागल्यावर होत नाही. मागच्या खेपेला आमच्याकडे माणसं जमली, सभा झाल्या, मतंही बऱ्यापैकी एकमेकांकडे वळली. पण नगरपरिषदेचे वॉर्ड वाटायची वेळ आली आणि सगळं विस्कटलं. निकालानंतर कुणाला काय, हे आम्ही कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. म्हणून इथे पहिलं काम तेच: निकालानंतरचा कागद. तो आधी करा, बाकी सगळं त्याच्यामागून.

त्या कागदावर काय हवं? पुढच्या विधानसभेला कुठल्या जागेवर कुणाचा दावा. जिल्हा परिषद आणि नगरपरिषदेत वाटप कसं. उमेदवार निवडून आला तर वर्षाला 5 कोटींच्या खासदार निधीतली कामं कुणी सुचवायची आणि कुठल्या वस्त्यांसाठी. मिरवणुकीवरून तणाव झाला तर पोलीस ठाण्यात कोण कोण एकत्र जाणार. हे नावानिशी लिहा, कारण त्या रात्री फोन न उचलणारा मित्रपक्ष लोक विसरत नाहीत. आणि हरलो तर काय, हेही लिहा. हरल्यावर ‘तुमची मतं पडलीच नाहीत’ हे आरोप सुरू होतात, तेव्हा कुणी कुणाशी बोलायचं ते आधी ठरलेलं असलं पाहिजे. कोर्टात असा कागद टिकणार नाही, मान्य आहे. म्हणूनच तो प्रत्येक तालुक्याच्या बैठकीत मोठ्याने वाचा. दोनशे लोकांनी ऐकलेलं नाकारणं अवघड जातं. ‘आपल्यात कागद कशाला, शब्द पुरे’ असं कुणी म्हणालं की समजा, कागदाची गरज तिथेच सर्वांत जास्त आहे.

2019 आठवा. वंचित बहुजन आघाडी आणि एमआयएम यांनी लोकसभेला दलित-मुस्लिम मतांची मोट बांधली. औरंगाबादची जागा एमआयएमने 4,492 मतांनी जिंकली. सप्टेंबर उजाडला आणि विधानसभेच्या जागांवरून दोघं वेगळे झाले. त्याच वर्षी भाजप-शिवसेना युतीला 105 आणि 56 म्हणजे स्पष्ट बहुमत मिळालं, तरी सरकार झालं नाही, कारण मुख्यमंत्रिपदाबद्दल बंद खोलीत काय ठरलं होतं हे दोन्ही बाजू वेगवेगळं सांगत राहिल्या. एकत्र मुरलेल्या पक्षांची ही गत, तर नव्याने भेटलेल्या समाजांचं काय होईल?

याहून मोठा धडा इराकचा आहे. मार्च 2010 च्या निवडणुकीत अयाद अल्लावी या शिया नेत्याने सुन्नी नेत्यांना बरोबर घेऊन ‘इराकिया’ आघाडी उभी केली. पंथावर मतं पडणाऱ्या देशात 325 पैकी 91 जागा जिंकून ती पहिली आली. पंतप्रधान मलिकींच्या आघाडीला 89 मिळाल्या. पण राज्यघटनेच्या 76 व्या कलमात सरकार बनवायला ज्याला बोलवायचं तो ‘सर्वांत मोठा गट’ म्हणजे निवडणुकीनंतर जमवलेला गटही असू शकतो, असा अर्थ कोर्टाने लावला. मलिकींनी इतर शिया पक्ष जोडले आणि पंतप्रधान राहिले. नोव्हेंबरमध्ये उत्तर इराकमधल्या अर्बील शहरात तडजोड झाली, अल्लावींना धोरण परिषदेचं प्रमुखपद कबूल झालं. ती परिषद कधी कामाला लागलीच नाही. मतं मिळवायची सगळी मेहनत त्यांनी केली होती. निकालानंतर पहिलं बोलावणं कुणाला, दिलेला शब्द पाळला गेला नाही तर पुढे काय, हे प्रश्न मात्र मतमोजणीनंतर समोर आले. तोवर फार उशीर झाला होता.

आता मतदारयादी. ती कंटाळवाणी आहे, पण कराच. उमेदवारी अर्जाची मुदत संपली की यादीत नवीन नाव चढत नाही. यादी वाचताना त्या-त्या मोहल्ल्यातली बाई किंवा मुलगी शेजारी बसवा. ‘यास्मिन’चं ‘यासमान’ झालंय, नवऱ्याच्या नावाच्या जागी सासऱ्याचं पडलंय, हे बाहेरच्या माणसाला दिसतच नाही. तिला एका नजरेत दिसतं. ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर गेलेली कुटुंबं यादीतून गळतात, तीही बघा.

मग धार्मिक मंडळी. सगळे लगेच मौलाना, भन्तेजी, फादर, महाराज यांच्याकडे धावतात आणि आवाहनाचं पत्र मागतात. मागू नका! लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(3) खाली धर्म, जात किंवा भाषेच्या नावावर मत मागणं हे निवडणुकीतलं ‘भ्रष्ट आचरण’ ठरतं आणि निवडच रद्द होऊ शकते. पूर्वी यात उमेदवाराच्याच धर्माचा विचार होतो अशी समजूत होती. 2 जानेवारी 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी 4 विरुद्ध 3 अशा बहुमताने मतदाराचा धर्मही त्यात धरला. ते प्रकरण आपल्याच सांताक्रूझच्या 1990 च्या निवडणुकीचं होतं. आपल्यासारख्या आघाडीत हा मोह रोज होतो, कारण प्रत्येक जण ‘मी माझ्या लोकांना सांगतो’ म्हणत आलेला असतो. त्याने सांगावं ते रेशन, घरकुल, शिष्यवृत्ती, पाणी यांबद्दल. मशीद, मंदिर, चर्च, विहाराच्या आवारात प्रचार तर नाहीच.

पंचांग आणि हिजरी कॅलेंडर शेजारी ठेवून सभा ठरवा. 2024 ला 11 एप्रिलला ईद, 14 ला आंबेडकर जयंती, 17 ला रामनवमी आणि 19 ला मतदानाचा पहिला टप्पा होता; कार्यकर्ते कुठे पुरणार? 2029 ला रमजान निवडणुकीच्या बराच आधी संपतो, पण बकरी ईद आणि रामनवमी एप्रिलच्या शेवटाकडे एकमेकींना खेटून येतात. चंद्रदर्शनाने एखादा दिवस हलेल. त्या आठवड्याचं नियोजन दोन्हीकडच्या मंडळांना एका टेबलावर बसवून करा, जमलं तर एक वर्ष आधी.

अवघड विषय बंद खोलीत आधी काढा. आरक्षण, गोवंश, भोंगे, लग्नाचे कायदे. एकमत नाही झालं तरी चालेल. कशावर कुणी जाहीर बोलायचं नाही एवढं ठरू द्या, आणि तेही त्या कागदावर लिहा. हो, तोच कागद.

जागा कुणाची यावरही ताणू नका. 2024 ला सांगलीची जागा महाविकास आघाडीत शिवसेनेकडे गेली, काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि सुमारे लाखाच्या फरकाने जिंकले. खालच्या कार्यकर्त्याला न विचारता वर झालेलं वाटप तो पाळत नाही.

चिन्ह. ज्याने आयुष्यभर एकाच चिन्हासमोरचं बटण दाबलंय त्याला दुसरं शिकवायला वेळ लागतो. साताऱ्यात 2024 ला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हाचा उमेदवार 32,771 मतांनी पडला आणि नुसतं ‘तुतारी’ नाव असलेलं चिन्ह मिळालेल्या अपक्षाने 37,062 मतं घेतली. घरोघरी नमुना मतपत्रिका दाखवा, आजी-आजोबांना बोट ठेवायला सांगा.

खर्च: मर्यादा 95 लाख, वेगळं बँक खातं, पावत्या रोजच्या रोज. मतदान प्रतिनिधी: शक्यतो वेगवेगळ्या समाजांतली जोडी करून जबाबदारी द्या, बुरख्यातल्या मतदारांसाठी महिला प्रतिनिधी हवीच. अभिरूप मतदानाला, म्हणजे खरं मतदान सुरू होण्याआधी यंत्र तपासायला घेतात त्या चाचणीला, वेळेवर पोचा. संध्याकाळी 17-सी ची, म्हणजे केंद्रावर किती मतं पडली त्या नोंदीच्या फॉर्मची, प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडू नका. मतमोजणीचे प्रतिनिधी आधी शिकवा. जेवण, पाणी, गाड्या तुम्हाला माहीत आहेत.

आणि अर्ज भरायच्या आदल्या दिवशी तो कागद पुन्हा काढा. सगळ्या सह्या आहेत का बघा. एकही कमी असेल तर त्या माणसाच्या घरी जा, सही घ्या, मगच मिरवणूक काढा. प्रत्येक घटकाकडे एक प्रत, तालुका समितीकडे एक, आणि एक अशा माणसाकडे ज्याला कुठल्याच वॉर्डातून उभं राहायचं नाही.